नियम येण्याआधीचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. कुणी लग्नाच्या बस्त्याला, कुणी चपला घ्यायला, कुणी नुसतं फिरायला. रस्त्याला हे नाव का पडलं, असं विचारलं तर बहुतेक जण पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेतात आणि पुढे चालायला लागतात. पण त्या नावामागे एक सायकलचं दुकान आहे, एक लोखंडी नांगर आहे आणि एक मोठी चुटपुटही आहे. ज्या माणसाने या गावात कारखानदारीचा पाया घातला, त्याला याच गावाने जागा खाली करायला लावली होती.

आज कुठल्याही बऱ्या कंपनीत नोकरीला लागलं की आधी आचारसंहितेची पुस्तिका हातात पडते. भेटवस्तू घेऊ नका, जातीवरून किंवा लिंगावरून भेदभाव करू नका, गैरप्रकार दिसला तर अमुक ठिकाणी कळवा. वर्षातून एकदा संगणकावर परीक्षा होते, सगळे पास होतात आणि फाईल बंद. कायदाही आता बराच पुढे गेलाय. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजासाठी खर्च करायला लावला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत स्वतंत्र संचालक सक्तीचे केले आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी व्यवस्थाही सक्तीची केली. तरीही दर दोन-चार वर्षांनी एखादा मोठा घोटाळा बाहेर येतोच, आणि त्या कंपनीकडेही आचारसंहितेची पुस्तिका असतेच.

लक्ष्मणरावांकडे असलं काहीच नव्हतं. म्हणून त्यांचं आयुष्य आज पुन्हा एकदा वाचण्यासारखं आहे.

गुर्लहोसूरचा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. हे गाव सौंदत्तीजवळचं. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एकाच लहान गावातून एकाने रंगभूमी उभी केली आणि दुसऱ्याने कारखाना, आणि दोघांनी मिळून किर्लोस्कर हे आडनाव मराठी माणसाच्या तोंडी कायमचं बसवलं.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, चर्चा, पाठांतर. मुलाचं मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं काढायची आणि यंत्राची खटपट करायची. त्या काळच्या हिशेबाने दोन्ही नाद पोट भरण्याच्या कामाचे नव्हते. तरी १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे नशिबाने पहिला फटका दिला. काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला रंगच कळत नाहीत, यापरतं दुर्दैव काय असणार! पण ते रडत बसले नाहीत. रंग नाही तर नाही, रेघ तर आपली आहे ना, असा हिशेब करून त्यांनी यांत्रिक रेखाचित्रांकडे मोर्चा वळवला. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक चित्रकला शिकवणारे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवता शिकवता कार्यशाळेतली यंत्रं खोलायची, जोडायची, त्यावरची परदेशी मासिकं वाचायची. पदवी नव्हती, पण हात आणि डोळा तयार होत गेला.

डावललेली बढती

नोकरी बरी चालली होती. मग बढतीची वेळ आली. अनुभव, काम आणि वकूब पाहता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. कारण उघड होतं. राज्य इंग्रजांचं होतं आणि खुर्चीवर कुणी बसायचं हे कातडीवरून ठरत होतं.

आज असं घडलं तर निदान दाद मागायला चार दारं आहेत. तेव्हा एकही नव्हतं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

अन्याय झालेला माणूस पुढे मालक झाला की दोनपैकी एक रस्ता धरतो. एक तर आपल्यावर झालं तेच दुसऱ्यावर करतो, किंवा आपल्या दारात ते होऊ द्यायचं नाही असं ठरवतो. लक्ष्मणराव दुसऱ्या रस्त्याने गेले. त्यांच्या कारखान्यात पुढे पदवीवाला आणि शाळा अर्धवट सोडलेला एकाच मापाने मोजला गेला. ते माप म्हणजे हातातलं काम.

सायकलचं दुकान

बेळगावात त्यांची वाट बघणारं एक दुकान होतं. लक्ष्मणराव मुंबईत नोकरीला असतानाच, १८८८ साली, त्यांनी आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. मुंबईत लक्ष्मणराव सायकली घ्यायचे आणि बेळगावला धाडायचे. इकडे रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्या वेळी सायकल ही श्रीमंताची चैन होती. बेळगाव छावणीचं गाव, गोरे अधिकारी आणि पैसेवाले लोक होते, त्यामुळे धंदा चालला. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. हेच नाव आजही कंपनीच्या पंपावर असतं आणि कंपनी आपलं स्थापना वर्ष १८८८ हेच सांगते.

दोघा भावांची वाटणी सरळ होती. लक्ष्मणराव बनवणारे, रामुअण्णा सांभाळणारे. एकाच्या डोक्यात नव्या यंत्राचं चित्र, दुसऱ्याच्या डोक्यात माणसं आणि व्यवहार. भावाभावांच्या भागीदाऱ्या कशा मोडतात हे सीमाभागातल्या कुठल्याही बाजारपेठेत विचारलं तर दहा गोष्टी ऐकायला मिळतील. ही भागीदारी टिकली आणि तिच्या जोरावर पुढचं सगळं उभं राहिलं.

मुंबईहून परतल्यावर लक्ष्मणरावांचं लक्ष विकण्यापेक्षा बनवण्याकडे जास्त होतं. त्यांनी लहानशी कार्यशाळा थाटली. आसपास शेती, शेतकऱ्याच्या दारात जनावरं, जनावरांना कडबा. म्हणून आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग डोक्यात नांगर आला.

जमिनीला विष होतं म्हणे

१९०३ मध्ये किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. आणि पडून राहिला.

आपल्याकडे नांगर म्हणजे बाभळीच्या लाकडाचा, गावच्या सुताराने बलुत्यावर करून दिलेला. बाप तोच वापरायचा, आजाही तोच वापरायचा. त्यात कुठून तरी बोलवा उठली की लोखंड लागलं तर जमिनीला विष चढतं. झालं. एवढी गोष्ट पसरल्यावर कोण हात लावणार? पहिले नांगर विकायला जवळपास दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं नीट समजून घ्यायला हवीत. माल तयार आहे, पैसा अडकलाय, मजुरी तर द्यायचीच आहे. अशा वेळी धंदेवाल्यासमोर सोपे रस्ते खूप असतात. परदेशी शिक्का मारून विकता आलं असतं, कारण विलायती म्हटलं की लोक डोळे झाकून घ्यायचे. पातळ लोखंड वापरून किंमत पाडता आली असती. नाहीतर नांगराचा नाद सोडून पुन्हा सायकली विकत बसता आलं असतं. लक्ष्मणराव थांबले आणि नांगरच सुधारत राहिले.

शेतकरी अडाणी होता म्हणून घेत नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षातून एकदा पीक येतं आणि त्यावर घर चालतं. नवा नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग जातो, शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जातं. त्याचा संशय हा त्याचा हिशेब होता. तो फेडायचा तर रानात नांगर चालून दाखवणं हाच उपाय होता. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी खोल मुळं धरून बसते आणि लाकडी नांगर तिला वरवर खरवडतो. लोखंडी नांगर खोल जाऊन ती उपटून काढतो, हे शेजारच्या रानात दिसल्यावर विषाची गोष्ट आपोआप मागे पडली. एकाचं बघून दुसरा आला, त्याचं बघून तिसरा.

आज ग्राहकाला फसवू नये म्हणून २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, खोट्या जाहिरातीला दंड आहे. नांगराला यातलं काहीच लागू नव्हतं. लागू होती ती फक्त एक गोष्ट. वाईट नांगर घेतलेला शेतकरी पुढच्या आठवडा बाजारात दहा जणांना सांगणार, हे लक्ष्मणरावांना पक्कं माहीत होतं.

नगरपालिकेची नोटीस

नांगर खपायला लागले, काम वाढलं, आणि तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं. गावाला नवी वसाहत वसवायची होती आणि कारखाना तिच्या आड येत होता. भट्टी, यंत्रं, कारागीर, सगळं उचलून न्यायचं कुठे?

नगरपालिका कायद्याने चुकली, असं म्हणता येत नाही. गाव वाढत होतं, वसाहत हवीच होती. पण ज्याने नोटीस काढली त्याच्या कागदावर फक्त जागेचं माप होतं. त्या जागेत काय उभं राहतंय आणि उद्या त्यातून किती घरं चालतील, याचा रकाना त्या कागदावर नव्हता. नियम पाळला गेला आणि गावाचं नुकसान झालं. बेळगावात आज उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या पेटलेल्या दिसतात, इथल्या सुट्या भागांना देशभर मागणी असते. किर्लोस्कर इथेच राहिले असते तर काय झालं असतं, हा विषय जुन्या माणसांत अजूनही निघतो.

लक्ष्मणराव तेव्हा औंध संस्थानात एक काम करत होते. औंधच्या यमाई देवीच्या मंदिरालगत सभामंडप बांधायचा ठेका त्यांच्याकडे होता. औंधच्या गादीवर होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः हाडाचे चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. ठेकेदार कसा काम करतो, हिशेब कसा देतो, हे राजाने जवळून पाहिलेलं होतं. अडचण कळल्यावर त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि वर १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज.

१९१० साली १०,००० रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. आणि हातात तारण काय, तर एका माणसाची कामाची पद्धत. बँकेत कर्ज मागायला गेलेल्या कुणालाही विचारा, आज पत मोजायला आकडा आहे, त्यावर कर्ज मिळतं किंवा नाकारलं जातं. लक्ष्मणरावांची पत मंडपाच्या एकेका खांबातून मोजली गेली होती.

माळावरची वाडी

पुणे-मिरज-बेळगाव या लोहमार्गावरचं कुंडल रोड हे तेव्हा आडबाजूचं स्टेशन. भोवती निवडुंग माजलेला, त्यात नाग. पाणी नाही, सावली नाही. अशा माळावर १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं येऊन राहिली. किर्लोस्करवाडीची सुरुवात ती अशी.

युरोपात कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या वसाहतींबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. आपल्याकडेही कारखाना आणि गाव एकत्र उभं राहावं, ही त्यांची जुनी इच्छा. बेळगावने जागा काढून घेतली नसती तर कदाचित ती इच्छाच राहिली असती.

रामुअण्णा वाडीचा कारभार बघू लागले. पुतणे शंकरराव सोबतीला आले. शंभुराव जांभेकर यंत्रांच्या कामात, मंगेशराव रेगे हिशेब आणि कारकुनीत. अनंतराव फळणीकरांचं उदाहरण तर वाडीत कायम दिलं जायचं. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस तिथे नावाजलेला यंत्रज्ञ झाला. बढती कशावरून द्यायची, या मुंबईतल्या जुन्या प्रश्नाला मालकाने दिलेलं हे उत्तर होतं.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हाचा काळ बघा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. अस्पृश्यता बंद करणारी राज्यघटना १९५० ची आणि ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९५५ चा. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत राखीव जागा ठेवून वाट दाखवली होती खरी, पण भोवतालच्या गावांत पाणवठे वेगळेच होते. कुशल कारागीर मिळणं मुश्किल, त्यात जातीच्या मुद्द्यावर कुणी काम सोडून गेलं तर भट्टी थंड पडायची भीती. तो धोका पत्करून हा दंडक पाळला गेला.

दुसरी गोष्ट तर आजच्याही मालकाला दचकवील. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतलं, तेही राखणदार म्हणून. तुकाराम रामोशी हे त्यातलं नाव वाडीच्या इतिहासात राहिलंय. आज नोकरी देण्याआधी माणसाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. एक जुनी पोलीस केस सापडली की अर्ज बाजूला. लक्ष्मणरावांनी भूतकाळ माहीत असूनही माणूस निवडला आणि त्याच्या हाती रात्रीची राखण दिली.

आणखी एक मुद्दा वाणिज्य शिकलेल्यांनी लक्षात घ्यावा असा. ब्रिटिश मुलखात १८८१ पासून कारखान्यांसाठी कायदा होता. औंध हे संस्थान, तिथे राजाचा अंमल. इंग्रज सरकारचा कारखाना निरीक्षक वाडीच्या दारात येऊन वही तपासणार नव्हता. कामगारांना पिण्याचं पाणी, स्वच्छता, प्रथमोपचार, मोठ्या कारखान्यात उपाहारगृह, हे सगळं नीट लिहून देणारा कायदा स्वतंत्र भारतात १९४८ साली आला. वाडीत घरं, रस्ते, पाणी यांची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होत गेली. बघायला कुणी नसताना झालेलं हे काम आहे.

म्हणजे किर्लोस्करवाडी हा स्वर्ग होता काय? तसं म्हणायचं कारण नाही. जिथे कारखाना मालकाचा आणि घरही मालकाचं, तिथे कामगाराची सगळी भिस्त मालकाच्या स्वभावावर. मालक भला तोवर ठीक. उद्या दुसरा आला तर? एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेली व्यवस्था त्या माणसाबरोबर संपू शकते. कायदे लागतात ते म्हणूनच. लक्ष्मणरावांच्या गोष्टीतून कायदा नकोच असा अर्थ काढणारा ती गोष्ट अर्धीच वाचतो.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. नांगराला मागणी आहे, पण ओतायला लोखंड नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून वाडीत नांगर ओतले गेले. एकेकाळी किल्ल्याच्या तटावर बसलेलं लोखंड शेतकऱ्याच्या रानात गेलं.

ही हकिकत सांगताना तोफांचाच भाग रंगवला जातो. पण त्यात व्यवहाराचीही एक बाजू आहे. टंचाईत कच्चा माल देणारा माणूस घेणाऱ्याची नियत बघतो. एका राजाने जमीन दिली, दुसऱ्याने तोफा दिल्या. दोघांनाही दिसत होतं की दिलेल्या वस्तूतून नांगरच होणार, दुसरं काही नाही.

दुकानाची कंपनी झाली

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. भावाभावांच्या दुकानाचा हा मोठा बदल. आता पैसा बाहेरच्या भागधारकांचाही होता. म्हणजे वह्या फक्त घरच्यांना दाखवून भागणार नव्हतं. हिशेब तपासून घ्यायचा, सभा घ्यायची, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. घरचा धंदा आणि लोकांच्या पैशाचा धंदा यातली रेघ अनेक घराण्यांना नंतरही कळली नाही. खिसा एकच समजून दोन्हीकडचे पैसे फिरवणारे बुडाले आणि भागधारकांनाही घेऊन बुडाले. वाडीने ती रेघ ओलांडली ती शिडी चढावी तशी, आधी काम, मग विश्वास, मग लोकांचा पैसा.

त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी, हा मूळ हेतू. पण वाचकाला नुसती जाहिरात नको असते हे शंकररावांनी लवकर ओळखलं. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक बहरलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिकं निघाली. नांगर बनवणाऱ्या माळावरून बायकांच्या शिक्षणावर, रूढींवर, विज्ञानावर लेख निघत आणि इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोदा-हैदराबादपर्यंत मराठी घरांत वाचले जात. सीमेपलीकडच्या कित्येक मराठी घरांत किर्लोस्कर हे नाव पंपाआधी मासिकातून पोचलं.

इकडे कारखानाही नांगरावर थांबला नाही. १९२६ मध्ये वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, भारतात असा पंप बनण्याची ती सुरुवात मानली जाते. त्याच सुमारास लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. बापाकडे एकही पदवी नाही, मुलगा जगातल्या नामांकित संस्थेचा पदवीधर. अशा घरांत बहुधा ठिणग्या उडतात. इथे मात्र पुढच्या पिढीला जागा मिळाली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रं बनवणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळुरूला विजेच्या मोटारींचा. मुलांनी वेगवेगळ्या गावी वेगवेगळी कामं उभी केली. खुर्ची वेळेवर मोकळी करणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे, आणि तो बऱ्याच कर्तबगार माणसांना जमत नाही.

जळलेला कारखाना

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. किर्लोस्करवाडीही त्या आगीतून सुटली नाही. ज्या माळावर निवडुंग उपटून कारखाना उभा केला, तिथे धूर निघाला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जात न बघता माणूस घेणाऱ्याच्या दारात जात बघून आग आली, हा त्या दिवसांचा क्रूर विनोद होता.

सगळं आवरून निघून जायला यापेक्षा मोठं कारण लागलं नसतं. पुण्याला, हरिहरला, बंगळुरूला घरचे कारखाने होतेच. वाडी पुन्हा उभी राहिली. भट्टी पुन्हा पेटली आणि आजही सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या त्या वाडीत पंप तयार होतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यानंतर सव्वा महिन्यात, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यांचं जन्मगाव आणि पहिलं दुकान एका राज्यात राहिलं, वाडी दुसऱ्या राज्यात. सीमाप्रश्नाची ती सगळी वर्षं त्यांनी पाहिली नाहीत. पण त्यांचं काम त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधीच पसरलेलं होतं. हरिहरच्या कामगाराची भाषा कन्नड, वाडीच्या कामगाराची मराठी, आणि दोघांच्या पगाराची सुरुवात एकाच सायकलच्या दुकानातून. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

पुस्तिका आणि माणूस

धंद्याचं जग आज फार वेगाने बदलतंय. कामगार घरून काम करतो, मालक कधी दिसत नाही, निर्णय संगणक सुचवतो. नियमांचं पुस्तक दरवर्षी जाड होत चाललंय आणि ते जाड व्हायलाही हवं, कारण सगळेच मालक लक्ष्मणराव नसतात. पण नियम नेहमी मागून येतो. आधी कुणीतरी फसतं, मग बोंब होते, मग कायदा होतो. मधल्या रिकाम्या काळात माणूस कसा वागतो, यावर त्याची खरी परीक्षा होते.

लक्ष्मणरावांचं बहुतेक आयुष्य त्या रिकाम्या काळात गेलं. भेदभावाविरुद्ध कायदा नसताना त्यांनी भेदभाव केला नाही. ग्राहक कायदा नसताना नांगर पक्का ठेवला. निरीक्षक नसताना वाडी वसवली. यातलं एकही काम त्यांनी तोट्यात जाऊन केलं नाही, हेही तितकंच खरं. नांगर पक्का म्हणून खपला. जात बघितली नाही म्हणून चांगला हात मिळाला. शब्द पाळला म्हणून राजाने पैसे दिले. सचोटी आणि नफा यांचं भांडण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ही वही तपासून बघावी.

बेळगावहून मिरजमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत एक लहानसं स्टेशन लागतं. पूर्वी त्याच्या पाटीवर कुंडल रोड लिहिलेलं असायचं, आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं असतं. बेळगावात ज्यांना जागा उरली नव्हती, त्यांचं नाव गावाने नंतर एका रस्त्याला दिलं. माळाने मात्र आधी जागा दिली आणि मग स्वतःचं नावच बदलून घेतलं.